स्टुलासकट

लाल गोल एकच होता, पण शब्दाला पळून जायला कुठूनही वाट राहू नये असा काढलेला होता. वहीचं तिसरं पान, सातवी ओळ, ‘हट्टी’ या शब्दाभोवती. समासात बाईंच्या बारीक, सरळ अक्षरात एक प्रश्न होता: हे कुठे दिसलं? मी वही मिटली, पुन्हा उघडली. प्रश्न तिथेच होता. चौतीस वर्षं मी वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. प्रश्न मी विचारायचे आणि घाम दुकानदारांनी पुसायचा, असा आमच्या नात्याचा रिवाज. आता बासष्टाव्या वर्षी, माझ्या लेकीपेक्षा लहान असलेल्या बाईंनी माझं वाक्य तराजूत टाकलं होतं आणि ते कमी भरत होतं. वाक्य असं होतं: निळ्या स्वेटरमधल्या मुलीने हट्टी असल्यामुळे ठोकळे दिले नाहीत. बाई वर्गात शांतपणे म्हणाल्या की ठोकळे दिले नाहीत हे दिसलं, हात मागे घेतला हेही दिसलं. हट्ट कुठे दिसला, कोणत्या रंगाचा होता? वर्गातल्या सव्वीस मुली बेतानं हसल्या. वडीलधाऱ्या माणसाला जेवढं हसावं तेवढंच. बाकाखाली माझा उजवा पाय हलायला लागला. तो हलतो हेही मला शेजारच्या चष्मेवालीने सांगितलं, कारण तिचं अक्षर बिघडत होतं.

त्या दिवसापासून डोक्यात काहीतरी सैल झालं. बसमध्ये समोरचा माणूस आगाऊ वाटायचा आणि लगेच समासात प्रश्न उमटायचा. हे कुठे दिसलं? दिसलं एवढंच की त्याने पिशवी माझ्या पायावर ठेवली. भाजीवाली लबाड, वरच्या मजल्यावरचा वकील घमेंडखोर, आमची ही सोशिक: एकेका माणसाला वर्षानुवर्षं चिकटवलेली चिठ्ठी सुटून पडायची आणि खाली माणूस तसाच उभा राहायचा, बिनचिठ्ठीचा. मला तो ओळखू यायचा नाही. एकदा याच नादात मी दोन थांबे पुढे जाऊन उतरलो आणि अनोळखी रस्त्यावर एका चष्म्याच्या दुकानासमोर बराच वेळ उभा राहिलो. आतला माणूस बाहेर येऊन म्हणाला, “काय पाहिजे काका?” मला काय पाहिजे होतं ते सांगता आलं नाही. मी काच बघितली आणि निघालो.

खरं तर मला प्रमाणपत्र पाहिजे होतं. वर्षभरापूर्वी लेक सातव्या महिन्यात होती आणि स्वयंपाकघरात आईशी बोलत बसली होती. मी पलीकडच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होतो, म्हणजे वर्तमानपत्र धरून कान बाहेर ठेवला होता. ही म्हणाली की तू कामावर रुजू झालीस की बाळाला आमच्याकडे ठेव, पाळणाघर कशाला. लेक रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते, बोलण्याआधी थेंब पडेपर्यंत थांबावं तशी थांबते. तशी ती थांबली. मग म्हणाली, “तुझ्याकडे ठेवायला माझी काहीच हरकत नाही, आई. पण बाबा दिवसभर घरी असतात.” आवाजात राग नव्हता. त्या इमारतीत दुपारचं पाणी नसतं असं भाड्याने घर बघताना कुणी सांगावं, तसा आवाज. मला तिथल्या तिथे उठून जाब विचारता आला असता, पण त्या वाक्यात खोडून काढण्यासारखं काही नव्हतं. मी खरोखरच दिवसभर घरी असायचो. निवृत्तीनंतरच्या तीन वर्षांत मी घरातल्या सगळ्या डब्यांवर आतून खुणा केल्या होत्या, हिच्या भाताच्या वाटीत दरवेळी किती तफावत पडते ते दोन महिने टिपलं होतं, आणि घरातलं एकमेव घड्याळ बरोबर चालतं याची खातरजमा दुसऱ्या घड्याळावरून करत होतो. ते दुसरं मी त्यासाठीच आणलं होतं.

ज्या माणसाने आयुष्यभर लोकांच्या वजनांवर शिक्के मारले त्याला आपल्यावरही शिक्का मारून घेता येतो, असं मला वाटलं. घराजवळच्या कॉलेजात ‘बालविकास आणि कौटुंबिक संबंध’ असा वर्षाचा अभ्यासक्रम होता. वयाची अट फक्त खालच्या बाजूला होती. वरच्या बाजूला कुणी येईल असं त्यांना वाटलेलं नसावं. मी अर्ज भरला. प्रमाणपत्र घेऊन लेकीच्या टेबलावर ठेवायचं आणि काही न बोलता खुर्चीत बसायचं, इथपर्यंतचा प्रसंग माझ्या मनात पाठ होता. नातीला बुधवारी आणि शुक्रवारी दुपारी माझ्या हवाली करताना लेकीचा चेहरा कसा होईल तेही ठरलं होतं. ही म्हणाली, “जा. निदान तेवढ्या दुपारी घर मोकळं.” हेही विशेषण लावण्यासारखं वाक्य होतं, पण तेव्हा मी बालवाडीतच होतो.

बालवाडीतच म्हणजे अक्षरशः. कॉलेजने तळमजल्यावर छोट्या मुलांचा वर्ग चालवला होता आणि त्याला लागून आमची काचेची खोली होती: अरुंद, अंधारी, एक लांब बाक आणि समोर काच. आमच्या बाजूने खिडकी, मुलांच्या बाजूने आरसा. मुलं आरशात दात बघत, नाक वर करून बघत, जीभ काढत. आमच्या तोंडावर रोज दहा-बारा जिभा निघायच्या आणि आम्ही त्या वेळेसकट लिहून घ्यायचो. नियम दोनच. दिसेल तेच लिहायचं, आणि निरीक्षक आत जात नाही. मूल रडलं तरी नाही. आत ताई असते, ती बघेल. मला हे जड गेलं. दुकानात शिरण्याची सवय असलेल्या माणसाला दुकानाबाहेर बसवल्यासारखं होतं. बाकावर मी पाय बदलत राहायचो, पेन उघडमीट करायचो आणि चष्मेवाली खालच्या आवाजात म्हणायची, “काका, तुमचीच नोंद घ्यावी लागेल मला.” तिचं लग्न व्हायचं होतं, मूल फार लांब होतं, आणि तरी ती दर मिनिटाला एक स्वच्छ ओळ लिहायची. माझ्या वहीत गोल वाढत गेले. आज्ञाधारक. गोल. रडवा. गोल. गुणी. त्यालाही गोल. चांगल्या शब्दालाही सवलत नव्हती, याचा मला जास्त राग आला.

दुसऱ्या सत्रात बाईंनी ‘दुहेरी नोंद’ दिली. घरातला एकच जुना प्रसंग दोघांनी वेगवेगळा लिहायचा, एकमेकांना न दाखवता, मिनिटामिनिटाच्या नोंदीच्या पद्धतीने, आणि बंद पाकिटात आणून द्यायचा. मुलींनी आयांना धरलं. मी लेकीला फोन केला. कुठला प्रसंग, असं तिने विचारलं. मी म्हणालो, अर्थात स्टुलाचा. मग ती म्हणाली की लिहून आईच्या हाती पाठवते.

स्टुलाचा प्रसंग हा माझा हातखंडा. तीस वर्षं सांगतोय. माझ्या निरोपाच्या समारंभात सांगितला, शेजाऱ्यांना सांगितला, लेकीचं लग्न ठरलं त्या दिवशी समोरच्या पंधरा माणसांना सांगितला आणि पंधराच्या पंधरा हसले. प्रसंग असा. माझ्याकडे खात्याची आदर्श वजनांची पेटी असायची, आत मखमल, मखमलीत खड्डे, खड्ड्यांत चकचकीत वजनं. ती बोटांनी उचलायची नसतात, चिमट्याने उचलायची. बोटाचा घाम लागला तरी वजन खोटं पडतं. लेक साडेचार वर्षांची. तिने सगळ्यांत लहान वजन बोटांनी उचललं. मी तिला स्टुलावर बसवलं आणि म्हणालो, “चुकलं म्हण, मग ऊठ.” बस. चार वाजता बसली. माझे साहेब चहाला आले, चहा पिऊन गेले, लेक बसलेलीच. पाच वाजले, सहा वाजले, तोंडातून शब्द नाही. इथे मी नेहमी थांबायचो, चष्मा काढून पुसायचो. मग म्हणायचो: अहो, हट्ट इतका, की शेवटी सात वाजता स्टुलासकट उचलून न्यावी लागली. ‘स्टुलासकट’वर हमखास हशा. हा शब्द मी तीस वर्षांत घासूनपुसून असा केला होता की तोही चिमट्यानेच उचलावा. लेक हा प्रसंग चालू असताना ताटलीतला एखादा कण बोटाने गोळा करत बसायची. आणि आमची ही नेहमी नेमकी त्याच ठिकाणी उठून आत जायची. मला वाटायचं, चहाचं बघायला.

मी दीड पान लिहिलं, एका बैठकीत. आठवड्याने बाईंनी दोन्ही कागद एकत्र टाचून परत दिले. मी ते जिन्याखालच्या बाकावर वाचले. माझ्या कागदावर सात गोल. लेकीचा कागद छोटा होता, तिच्या प्रयोगशाळेतल्या अक्षरात:

वय साडेचार. खिडकीजवळचं लाकडी स्टूल. चार वाजता: लहान वजन बोटांनी उचललं. चार वाजून पाच: बाबांनी स्टुलावर बसवलं. ‘चुकलं म्हण, मग ऊठ.’ साडेचार: शू लागली. पावणेपाच: बाबांचे साहेब आले. पाच: फ्रॉक ओला. स्टूल ओलं. साहेब समोर. पाच ते सात: बसून राहिले. चुकलं म्हटलं असतं तर उठावं लागलं असतं. सात: आईने स्टुलासकट उचललं.

त्या कागदावर एकही गोल नव्हता.

मी उठलो, जिना चढलो, वर काही काम नव्हतं म्हणून उतरलो. मुली डबे खात होत्या. पुन्हा चढलो. त्या स्टुलाची बैठक मला आठवत होती, मधोमध एक गाठ होती लाकडाला. बैठकीचा रंग जरा गडद झाला होता का, हे आठवायचा प्रयत्न करत होतो आणि आठवत नव्हतं, कारण मी बघितलंच नव्हतं. तीन तास समोर बसलेलं माणूस, दहा फुटांवर. दहा ग्रॅमची तफावत मला दुकानाच्या दारातून दिसायची. साहेबांच्या बदल्यांबद्दलच्या गप्पा मात्र शब्दशः आठवत होत्या. घरी आलो तर ही भात मोजत होती. मी विचारलं की तुला माहीत होतं का. तिने वाटी खाली ठेवली. कशाबद्दल, हे विचारलं नाही. म्हणाली की म्हणून तर स्टुलासकट उचललं, तुम्हाला काय वाटलं, माझ्या अंगात ताकद जास्त झाली होती? मग तीस वर्षं बोलली का नाहीस, असं विचारल्यावर म्हणाली, “तिने शब्द घेतला होता माझ्याकडून. साडेचार वर्षांची होती, पण शब्द म्हणजे शब्द.” वाटीकडे बघत म्हणाली, “आणि तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही तेही गोष्टीत घातलं असतं.” हे कुठे दिसलं, असं विचारायची माझी हिंमत झाली नाही. दिसलं असणार.

लेकीला फोन लावायचा म्हणून मी दहादा हातात घेतला. चुकलं म्हणायचं होतं, दुसरं काय. पण चुकलं हा शब्द आमच्या घरात माझ्या मालकीचा होता. तो दुसऱ्यांनी मला म्हणायचा असायचा. तोंडात तो उलटा बसेना. पुढचे तीन आठवडे मी नुसता हिंडत होतो, बसमधून, जिन्यांवरून, गॅलरीतून आत आणि आतून गॅलरीत. लेक पहिल्या तारखेला रुजू होणार होती आणि पाळणाघर ठरल्याचं ही म्हणाली. मी म्हणालो, छान. या शब्दाभोवती मीच मनात गोल काढला.

शेवटची परीक्षा काचेच्या खोलीत होती. दोघादोघांनी मिळून एकाच मुलाची वीस मिनिटं नोंद घ्यायची, आपापल्या कागदावर. मी आणि चष्मेवाली. आमच्या वाट्याला पिवळ्या मोज्यांची मुलगी, वय चार. अकरा वाजता ताईने सगळ्यांना मागच्या अंगणात चला म्हटलं. खुर्च्या सरकल्या, मुलं गेली. पिवळे मोजे बसून राहिले. ताई दारातून म्हणाली, येतेस ना. मुलीने मान हलवली, नाही. ताई बाकीच्यांमागे दारात उभी राहिली. अकरा-तीन: मुलगी खुर्चीत. अकरा-पाच: दोन्ही हात खुर्चीच्या कडांना. अकरा-सहा: गुडघे एकमेकांना जुळवले. माझं पेन थांबलं. मला ते गुडघे माहीत होते. खुर्ची लाकडी होती. अकरा-आठला बाहेरून एक मुलगा ओरडला, ये ना, आणि ती उठली नाही, आणि मला सगळं एकदम दिसलं, वहीत लिहिता येतं त्याहून स्पष्ट: ओला फ्रॉक, दारातली ताई, आणि उठणं नावाची ती एक गोष्ट जी आता जन्मात करता येणार नाही. चष्मेवाली म्हणाली, “काका, कुठे?” तोवर मी दार उघडलं होतं.

आतून ती खोली फार लहान होती. मी पाण्याची बाटली घेऊन सरळ तिच्या खुर्चीपाशी गेलो, झाकण काढलं आणि अडखळल्यासारखं करून अर्धी बाटली तिच्या मांडीवर, खुर्चीवर आणि माझ्या पँटवर ओतली. अरेरे म्हणालो. योजना अशी होती की आता सगळंच ओलं, आता कुणाचं काय ओळखू येणार नाही, आता ऊठ बाळा, आता खुशाल ऊठ. मुलीने आधी मांडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. ती उठली. खुर्चीच्या वरच्या भागावर पाणी होतं, आणि ती बसली होती तिथे कोरडा, लख्ख, फ्रॉकच्या आकाराचा गोल.

“तू माझी खुर्ची ओली केलीस,” ती म्हणाली.

मी विचारलं की मग तू उठत का नव्हतीस. तिने मला समजावल्यासारखं सांगितलं, “मी बसले होते.”

एवढंच. त्यात भर घालण्यासारखं काही नव्हतं; बाईंनी पैकीच्या पैकी मार्क दिले असते. मी पुन्हा तेच केलं होतं. तेव्हा ओलं असून दिसलं नव्हतं, आता कोरडं असून ओलं दिसलं होतं. आरशात मला एक म्हातारा दिसत होता, पँट ओली झालेला, आणि त्या आरशामागे चष्मेवाली दर मिनिटाला एक ओळ लिहीत होती. मुलगी हलेना. हात कमरेवर ठेवून म्हणाली, “सॉरी म्हण.”

“चुकलं,” मी म्हणालो.

“मोठ्याने.”

मी खाली बसलो, कारण उभं राहून तो शब्द निघत नव्हता, आणि मोठ्याने म्हणालो. मागचं दार उघडं होतं. अंगणातली मुलं थांबून बघायला लागली. मुलीने जरा विचार केला आणि फ्रॉक झटकत बाहेर गेली.

बाईंनी मला नापास केलं. रागावल्या नाहीत, निरीक्षक आत जात नाही, एवढंच म्हणाल्या. मी म्हणालो, बरोबर आहे, मीही शिक्का मारला नसता. मग मी चष्मेवालीकडे तिच्या कागदाची प्रत मागितली.

लेकीच्या घरी गेलो ती रविवारची दुपार होती. प्रमाणपत्र टेबलावर ठेवून गप्प बसायचा पाठ केलेला प्रसंग उपयोगाचा नव्हता. लेकीने नातीला माझ्या मांडीवर दिलं, म्हणजे तिला दूध बघायला आत जायचं होतं आणि मी समोर होतो. दुपारी उकडतं म्हणून नात नुसत्या झबल्यात. लेक परत आली तेव्हा मी तिच्यापुढे कागद केला. ती उभ्यानेच वाचायला लागली. अकरा-नऊ: एक पुरुष, वय अंदाजे साठ, आत आला. पाणी सांडलं. अकरा-दहा: मुलगी म्हणाली, ‘सॉरी म्हण.’ पुरुष म्हणाला, ‘चुकलं.’ मुलगी: ‘मोठ्याने.’ अकरा-अकरा: पुरुष जमिनीवर बसला. मोठ्याने म्हणाला. अकरा-बारा: मुलगी बाहेर गेली. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. तरी त्याने आणखी दोनदा म्हटलं.

हे दोनदा मला आठवत नव्हतं. पण चष्मेवाली दिसेल तेच लिहिते.

लेक वाचत होती. तेवढ्यात माझी मांडी गरम झाली, मग ओली, मग गुडघ्यापर्यंत ओघळ. नात माझ्या शर्टाचं बटण ओढत होती, तिच्या चेहऱ्यावर काही विशेष नव्हतं. मी उठलो नाही. लेक पुन्हा वरून वाचायला लागली होती, आणि मी हललो असतो तर तिने वर बघितलं असतं. पाय हलत नव्हता, दोन्ही पाय स्थिर होते, हे मला तेव्हाच जाणवलं. शेवटी तिने कागदाची घडी घातली आणि खाली जमिनीवर पाण्याचं लहान तळं होतं तिकडे बघितलं.

“किती वेळ असे बसलाय?”

“तू वाचायला लागलीस तेव्हापासून.”

तिने नातीला उचललं नाही. फडकं आणलं, माझ्या पायाशी बसून फरशी पुसली, एकदा, मग पुन्हा कोरड्या टोकाने. वर न बघता तिने विचारलं की बुधवारी आईला दाताच्या डॉक्टरकडे जायचंय ना, दुपारभर. मी हो म्हणालो. फडकं पिळायला ती उठली, आणि मोरीच्या दारातून, पाठमोरीच, म्हणाली, “मग हिला घेऊन तुम्ही घरी असाल ना?”

“असेन,” मी म्हणालो. आणि मग, कुणी सांगायच्या आत, जरा मोठ्याने.